तांब्यावरची रेघ

वाचकहो, आपल्या घरी एखादा जुना, बंद पडलेला रेडिओ असेल तर त्याचे मागचे झाकण काढून एकदा आत पाहा. तपकिरी किंवा हिरव्या रंगाची एक पट्टी दिसेल. तिच्या एका अंगाला रंगीत कड्यांचे बारीक दाणे, लहान लहान डब्या आणि काळे तुकडे बसवलेले असतात. दुसऱ्या अंगाला पाहावे तो नुसत्या तांब्याच्या रेघा. कुठे वळलेल्या, कुठे शेजारी शेजारी गेलेल्या, कुठे एका ठिपक्यापाशी थांबलेल्या. वीज चालते ती ह्या रेघांवरून. ह्या पट्टीला प्रिंटेड सर्किट बोर्ड म्हणतात, आणि दुरुस्ती करणारे लोक नुसते 'पीसीबी' म्हणून मोकळे होतात. आपण तिला छापील मंडल म्हणू.

आता ह्या नावातला 'छापील' हा शब्द जरा नीट पाहा. विजेचा आणि छापखान्याचा संबंध काय? पंचांग छापतात, लग्नपत्रिका छापतात, वर्तमानपत्र छापतात; विजेची वाट छापतात ती कशी? इतिहासाच्या माणसाने ह्या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, ह्या एका शब्दात दीड-दोनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि त्यातली बरीच पाने घरच्या खोलीत, स्वतःच्या हातांनी खटपट करणाऱ्या माणसांनी लिहिलेली आहेत. त्यांतली काही माणसे आपल्या महाराष्ट्रातली आहेत.

तांब्यावर रेघ काढण्याची कला आपल्याला नवी नाही. नागपूरहून रामटेकला जाताना जवळच नगरधन लागते. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे विद्वान मानतात. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत येथून राज्यकारभार चालत असे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिने आपल्या अज्ञान मुलाच्या वतीने येथूनच राज्य चालवले आणि तिने दिलेल्या दानाचा ताम्रपट पुढे पुण्यास सापडला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख जमवून त्यांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६३ साली निघाला. त्यातले ठसे पाहिले तर बऱ्याच लेखांत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक लहानशी चौकोनी पेटी कोरलेली दिसते. म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात.

ताम्रपट कोरणारा कारागीर छिन्नीने तांबे खोदतो. जेवढे अक्षर, तेवढे खोदकाम. चूक झाली तर पत्रा ठोकून सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचे. अशा पत्र्यावर राजाच्या वंशावळीला कितीतरी ओळी मिळतात. कोरणाऱ्याचे नाव आलेच तर शेवटी, एखाद्या ओळीत. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

खोदण्याचे श्रम वाचवण्याची युक्ती युरोपातल्या कारागिरांना सापडली ती अशी. धातूच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यावा. जेथे रेघ हवी तेथे मेण खरवडून धातू उघडा करावा, आणि पत्रा तेजाबात बुडवावा. जेथे मेण आहे तेथे तेजाबाचे काही चालत नाही. जेथे मेण नाही तेथे ते धातू खाऊन टाकते. म्हणजे छिन्नीचे काम तेजाबाने केले. आपल्या सगळ्या कथेची किल्ली ह्या एका गोष्टीत आहे: झाकलेले राहते, उघडे खाल्ले जाते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत म्यूनिक शहरी अलोइस झेनेफेल्डर नावाचा एक नाटककार होता. नाटके छापून घेण्यास पैसा नाही, तेव्हा आपली नाटके आपणच घरी छापावी, असा ध्यास त्याने घेतला. तांब्याचा पत्रा महाग, म्हणून तो दगडावर उलटी अक्षरे काढण्याचा सराव करी. मेण, साबण आणि काजळी ह्यांची शाई त्याने स्वतः बनवली होती. सांगतात की, एकदा धोब्याकडे जाणाऱ्या कपड्यांची यादी आईला हवी होती. कागद हाताशी नव्हता, म्हणून त्याने ती ह्या शाईने दगडावर लिहिली आणि नंतर गंमत म्हणून त्या दगडावर तेजाब ओतून पाहिले. ह्या खटपटीतून १७९६ च्या सुमारास दगडावरची छपाई, म्हणजे शिळाप्रेस, जन्माला आली.

तो शिळाप्रेस मुंबईत अमेरिकन मिशनच्या लोकांनी आणला, आणि गणपत कृष्णाजी नावाच्या एका भंडारी समाजातील तरुणाने तो पाहिला. त्याच्यापाशी भांडवल नव्हते, शास्त्री-पंडितांची विद्याही नव्हती. त्याने पाहून पाहून लाकडी यंत्र स्वतः तयार केले, दगड मिळवला, शाईचे प्रयोग केले, आणि १८३१ साली मराठी पंचांग छापून बाजारात आणले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला शिवत नसत. त्यावर त्याने तुपाची शाई काढली अशी प्रसिद्धी आहे. पुढे त्याने अक्षरांचे ठसेही पाडले. ज्या विद्येचे दार त्याच्यासाठी उघडे नव्हते, ती विद्या घराघरांत पोचवण्याचे यंत्र त्याने आपल्या हाताने घडवले. आपल्या शाळांतून पेशव्यांच्या लढाया शिकवतो, त्या शिकवू नयेत असे मी म्हणत नाही. परंतु त्यांच्या शेजारी ह्या लाकडी यंत्रालाही थोडी जागा द्यावी.

पुढचा टप्पा चित्रांचा. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. ह्या छापखान्यासाठी छायाचित्रावरून दगडावर ठसे उतरवण्याचे काम करणाऱ्यांत त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके होते. हेच पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मुळे सारा देश त्यांना ओळखतो. पण त्याच्या आधी ते ब्लॉक करणारे कारागीर होते, आणि १९०८ च्या सुमारास त्यांनी स्वतःचा खोदकामाचा नि छपाईचा कारखाना काढला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ब्लॉक कसा करीत? तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप द्यायचा. त्यावर छायाचित्राची काच ठेवून उजेड पाडायचा. जेथे उजेड पडला तेथे लेप कडक होतो, बाकीचा धुऊन जातो. मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या पाण्यात ठेवायचा. हा लोखंडाचा एक क्षार. त्याचे पाणी तांब्याला हळूहळू विरघळवते. झाकलेले राहते, उघडे खाल्ले जाते. उरलेल्या उंच भागावर शाई लागते आणि कागदावर चित्र उमटते. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून आपल्या दिवाळी अंकांतून अशा ब्लॉकांनी छापलेली चित्रे वर्षानुवर्षे घरोघर गेली. बाटली, तबक, पत्रा आणि ते तांबूस-पिवळे पाणी, हे सगळे तुम्ही ध्यानात ठेवा. कारण छापील मंडलाला ह्याहून निराळे साहित्य लागत नाही.

आता रेडिओकडे वळू. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या वेळचा रेडिओ म्हणजे काचेच्या दिव्यांची, व्हॉल्व्हची, लाकडी पेटी. आत पत्र्याचे बैठक, आणि खाली तारांचे जाळे. एकेक तार कापायची, सोलायची, जागेवर नेऊन डाग द्यायचा. रेडिओच्या कारखान्यांतून ओळीने बसलेल्या स्त्रिया दिवसभर हेच काम करीत. एक तार चुकीच्या ठिकाणी गेली तर पेटी मुकी. १९५६ साली पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोत्यांच्या मंडळांचा प्रयोग झाला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. अशा गावी सेट बिघडला म्हणजे काय होत असेल ते सांगायला नकोच. तालुक्याहून माणूस येईतो सारे गाव थांबे.

तारांच्या ह्या जंजाळातून वाट काढली ती पाउल आइस्लर ह्या माणसाने. त्याचा जन्म १९०७ साली व्हिएन्ना शहरी, ज्यू कुटुंबात. १९३० साली तो इंजिनिअर झाला, पण ज्यू म्हणून त्याला मनाजोगी नोकरी मिळेना. पोटासाठी तो रेडिओविषयीच्या नियतकालिकाच्या उद्योगात पडला, आणि तेथे त्याला छापखाना आतून पाहायला मिळाला. छपाईचा पत्रा कसा करतात हे ज्याने पाहिले आहे आणि रेडिओ कसा जोडतात हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस तेव्हा विरळाच. त्याच्या मनात आले, तार ओढण्याऐवजी तारेचे चित्रच छापले तर? तांब्याचा पातळ पापुद्रा न वाहणाऱ्या फळीवर चिकटवावा, हव्या त्या रेघा झाकाव्या, उरलेले तांबे विरघळवून टाकावे. उरेल ती विजेची वाट.

१९३६ साली तो लंडनला आला. हॅम्पस्टेड भागात भाड्याच्या एका खोलीत राहून त्याने असा रेडिओ तयार केला. म्हणजे घरच्या घरी छापील मंडल करणारा पहिला मनुष्य तोच म्हणायचा! रेडिओ घेऊन तो एका कारखानदाराकडे गेला. उत्तर मिळाले की, हे काम आमच्याकडे मुली करतात, त्या स्वस्त पडतात आणि काम बदलायलाही सोप्या. मनुष्याचे श्रम स्वस्त असले म्हणजे नवी कल्पना महाग वाटते, हे आपल्याकडेही पुष्कळदा दिसते. त्यातच युद्ध आले. ज्या नाझींपासून तो पळून आला त्यांच्याच देशाचा समजून १९४० साली इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केले. सुटल्यावर त्याला आसरा मिळाला तो संगीताची स्वरलिपी छापणाऱ्या एका शिळाप्रेसमध्ये. पाहा, शेवटी छापखानाच त्याच्या उपयोगी पडला. १९४३ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला.

ह्या विद्येचा पहिला मोठा उपयोग मात्र संहारासाठी झाला. तोफेच्या गोळ्यात बसवायचा एक चिमुकला रेडिओ अमेरिकेने बनवला. लक्ष्याजवळ येताच तो गोळा फोडी. तोफेच्या धक्क्यात सुट्या तारा टिकणार नाहीत, म्हणून चिनी मातीच्या तुकड्यावर चांदीच्या शाईने विजेच्या वाटा छापल्या गेल्या. युद्धानंतर, १९४८ साली, हे तंत्र उद्योगधंद्यांसाठी खुले झाले. तिकडे डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागलाच होता. दोन्ही एकत्र आले आणि पेटीचा रेडिओ खिशात मावू लागला. बैलगाडीच्या साटीला आणि मळ्यातल्या माचाणाला जो रेडिओ टांगलेला आपण पाहिला, तो ह्या दोन गोष्टींमुळे. मात्र तारा जोडणाऱ्या ज्या स्त्रियांची कामे गेली, त्यांची नोंद कोणत्या ताम्रपटावर आहे? आणि आइस्लरच्या वाट्यालाही फार धन आले नाही. त्याच्या पेटंटांवरचा अमेरिकेतला दावा १९६३ साली फेटाळला गेला. तो १९९२ साली वारला.

आता प्रत्यक्ष कृती. हायस्कूलच्या वरच्या वर्गातील मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली हे करू शकतात. पहिले काम सोपे निवडावे. पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी गावात सर्वांच्या उपयोगी पडेल. तिला नऊ व्होल्टची बॅटरी पुरते. घरच्या २३० व्होल्टच्या विजेला हात लावण्याचे कारण नाही.

प्रथम चौकटीच्या कागदावर आराखडा काढावा. एक नियम कायम लक्षात ठेवायचा, तो हा की दोन रेघा जोडायच्या नसतील तर त्यांनी एकमेकींना ओलांडता कामा नये. वाट अडली तर वळसा घ्यावा, आणि वळसाही नसेल तर वरच्या अंगाने तारेचा एक लहान पूल टाकावा. पुष्कळ भागांच्या पायांमधले अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा हिस्सा असते. त्या मापाने ठिपके मांडावे. हाताने करायचे तर रेघ एक मिलिमीटर रुंद ठेवलेली बरी. संगणक हाताशी असेल तर हे काम करणारी प्रणाली फुकट मिळते. किकॅड हे तिचे नाव. फ्रान्समधल्या झाँ-पिएर शारास ह्या अध्यापकाने ती १९९२ साली सुरू केली.

तांबे चिकटवलेली फळी शहरात सुट्या भागांच्या दुकानात मिळते. तपकिरी ती कागद आणि राळेसारख्या द्रव्याची. फिकट हिरवी ती काचतंतूंची. जाडी साधारण १.६ मिलिमीटर आणि वरचे तांबे अवघे ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे अठ्ठाविसावा हिस्सा. ती भांडे घासायच्या भुकटीने लख्ख घासून कोरडी करावी आणि नंतर तांब्याला बोट लावू नये, कारण बोटाचे तेल राहिले की रंग धरत नाही. मग रेघा झाकायच्या. पक्क्या शाईच्या पेनाने, बारीक कुंचल्याने ऑइलपेंट लावून, नाहीतर नखाला लावायच्या रंगाने त्या काढता येतात. दुसरी रीत अशी. लेझर यंत्रावर गुळगुळीत कागदावर आराखडा छापावा, कागद तांब्यावर पालथा घालून वरून तापलेली इस्त्री फिरवावी. छापाची भुकटी वितळून तांब्याला चिकटते. मग कागद पाण्यात भिजवून हलकेच चोळून काढावा. कागद पालथा पडतो म्हणून चित्र उलटते. तेव्हा आराखडा भागांच्या बाजूने, फळीतून आरपार पाहिल्यासारखा काढलेला असला की तो तांब्यावर बरोबर बसतो. मळवलीच्या छापखान्यात कागदावरून दगडावर चित्र उतरवीत, ते नेमके हेच काम नव्हे काय?

यानंतर प्लास्टिकच्या तबकात कोमट पाणी घेऊन त्यात फेरिक क्लोराइड थोडे थोडे घालावे. भुकटीवर पाणी ओतू नये, आणि धातूचे भांडे वापरू नये. हातमोजे आणि चष्मा हवा; खिडकी उघडी हवी; कपड्यावर पडलेला डाग निघत नाही. फळी आत ठेवून तबक सावकाश हलवीत राहावे. पंधरा-वीस मिनिटांत उघडे तांबे निघून जाते. फळी धुऊन वरचा रंग पुसला की खाली तांब्याच्या रेघा चकाकत उभ्या राहतात. मुलांच्या तोंडून त्या वेळी जो उद्गार निघतो, तो शिक्षकाने ऐकावा असा असतो.

मग एक मिलिमीटरच्या आतले छिद्र पाडून भागांचे पाय ओवावे आणि कथलाचे डाग द्यावे. येथे आपला कल्हईवाला आठवावा. तांब्याचे भांडे उघडे ठेवले की काळवंडते, म्हणून तो नवसागराने ते साफ करून वर कथील चढवतो. मंडलावरही तेच करायचे असते. फक्त नवसागराऐवजी राळ वापरायची, कारण नवसागर मागे राहिला तर बारीक रेघा खाऊन टाकतो. साध्या डागाच्या तारेत शिसे असते, तेव्हा काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय मुलांनी काही खाऊ नये.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी सर्वांत महत्त्वाची समजतो. वापरलेल्या त्या पाण्यात तांबे विरघळलेले असते. ते मासे मारते, जमीन बिघडवते. ते मोरीत, नाल्यात किंवा विहिरीच्या काठी मुळीच ओतू नये. पुन्हा पुन्हा तेच पाणी वापरावे; निरुपयोगी झाले की मोठ्या भांड्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा, फेस येणे थांबेपर्यंत. तांबे आणि लोखंड गाळ होऊन तळाशी बसतात. तो गाळ वाळवून, बंद बरणीत नाव लिहून ठेवावा आणि घातक कचरा घेणाऱ्या व्यवस्थेकडे द्यावा. महाविद्यालयाच्या रसायनशाळेत ह्याची सोय कळू शकते. घंटी वाजली पण विहीर नासली, तर मुले विज्ञान शिकली असे कोण म्हणेल?

आता कोणी म्हणेल, आज आराखडा पाठवला की कारखान्यातून सुबक फळ्या थोड्या पैशांत घरपोच येतात. मग हा उपद्व्याप कशाला? शंका रास्त आहे. पाच-पन्नास फळ्या हव्या असतील तर कारखान्याकडूनच घ्याव्या. त्या अधिक चांगल्या असतात. परंतु ज्याने एक तरी मंडल आपल्या हाताने केले आहे, त्याला बंद पडलेल्या यंत्रापुढे भीती वाटत नाही. मोटरचा स्टार्टर असो, फवारणीचा पंप असो, शाळेचा ध्वनिक्षेपक असो, तो झाकण काढतो, रेघेवरून बोट फिरवतो आणि वाट कुठे तुटली ते शोधतो. जे यंत्र आपल्याला उघडता येत नाही, त्याचे आपण नुसते गिऱ्हाईक राहतो.

आपल्या विदर्भाच्या सीमेलगत बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची मोठी खाण आहे. १९५६ पर्यंत ज्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, त्याच प्रांतातला हा जिल्हा. म्हणजे तांबे आपल्या शेजारी आहे, तांब्यावर लिहिण्याची परंपरा नगरधनाइतकी जुनी आहे, आणि पाहून शिकून यंत्र करणारा गणपत कृष्णाजी आपल्याच भाषेतला आहे. उणे आहे ते एवढेच की, हाताने काम करणाऱ्याला आपण अजून शेवटच्या ओळीतच बसवतो. वर्गात गणित न येणारा, पण घरचा रेडिओ उघडून पुन्हा जोडणारा मुलगा प्रत्येक शाळेत एखादा असतोच. गुरुजनहो, येत्या शनिवारी दुपारी त्याला पुढे बोलवा, एक हात लांबीची फळी आणि थोडी राळ त्याच्या स्वाधीन करा, आणि काम पुरे झाल्यावर फळीच्या कोपऱ्यात त्याचे नाव त्यालाच तांब्यात काढू द्या.